चंचल बालके आणि जलद भिंगे

जुन्या छायाचित्रांचे संग्रह चाळताना एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी असते. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत मुले पुष्कळ आहेत. बाल्य मात्र क्वचितच आढळते. पाचसहा वर्षांची मुले न्यायासनावर बसलेल्या वृद्धांप्रमाणे गंभीर मुद्रेने समोर पाहत असतात. ओठ मिटलेले, हात मांडीवर आणि दृष्टीत किंचित धास्ती. यावरून त्या काळची मुले मोठी शिस्तीची होती, किंवा त्या काळचे आईबाप मोठे कठोर होते, असे अनुमान काढणारे काढतात. परंतु या गांभीर्याचे कारण समाजस्थितीत जितके आहे, त्याहून कितीतरी अधिक ते पितळेच्या नळीत बसविलेल्या काचेच्या दोनचार तुकड्यांत आहे. मूल हसले, हलले, वळून पाहू लागले की चित्र बिघडे. म्हणून मुलाने मूलपण बाजूला ठेवावे, तेव्हाच त्याचे चित्र निघावे, असा त्या काळचा नियम होता.

घरात, दिव्याच्या उजेडात, धावत्याखेळत्या मुलांची छायाचित्रे घेण्यास कोणते भिंग घ्यावे, हा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जातो. वरवर पाहता तो दुकानदारास विचारावयाचा प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असेही कोणी म्हणेल. पण या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची खटपट उभी आहे, आणि त्या खटपटीचा वृत्तांत नीट पाहिला तर प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते, असे आम्हांस वाटते. त्या वृत्तांतातील मुख्य वाद एकच आहे: चित्रासाठी स्थिर कोणी राहावयाचे, मुलाने की यंत्राने?

प्रथम विषयाची परिभाषा थोडक्यात पाहू. चित्र उमटण्यास ठरावीक प्रकाश लागतो. घागर भरावयाची तर नळाची तोटी मोठी हवी, किंवा नळ अधिक वेळ सोडावयास हवा, किंवा घागर तरी लहान हवी. भिंगाचे मुख ही तोटी होय. कॅमेऱ्याची झडप जितका वेळ उघडी राहते तो नळ सोडण्याचा वेळ. आणि काच, फिल्म किंवा आजचा विद्युत्संवेदक थोड्या प्रकाशावर भागवून घेणारा असला, की घागर लहान झाली असे समजावे. भिंगाचे नाभ्यंतर त्याच्या मुखाच्या व्यासाने भागले असता जो आकडा येतो, त्यास एफ-अंक म्हणतात. पन्नास मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाचे मुख पंचवीस मिलिमीटर असेल तर ते एफ २ चे भिंग झाले. अंक जितका लहान तितके मुख मोठे, आणि प्रकाश हा मुखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने येत असल्यामुळे एफ ४ पेक्षा एफ २ मधून दुप्पट नव्हे तर चौपट प्रकाश येतो. असे मोठ्या मुखाचे भिंग थोड्या वेळात काम उरकते, म्हणून त्यास जलद भिंग म्हणावयाचे. ज्याचे नाभ्यंतर बदलता येत नाही त्यास बाजारात प्राइम लेन्स म्हणतात, आणि जलद भिंगे बहुतेक याच जातीची असतात.

१८३९ साली पॅरिस येथे दागेरची कृती जगापुढे मांडण्यात आली, तेव्हा तिच्याबरोबरचे भिंग सुमारे एफ १५ चे होते आणि भर उन्हातही पत्रा कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागे. दागेरने १८३८ च्या सुमारास आपल्या खिडकीतून घेतलेले पॅरिसच्या एका रस्त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात तो ओस दिसतो. गाड्या, घोडे, माणसे सर्व हलत होती म्हणून ती उमटलीच नाहीत. एक मनुष्य बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिला होता, तेवढा राहिला. जे हलते ते नाहीसे होते आणि जे थांबते तेच उरते, हा नव्या विद्येचा पहिला निष्ठुर नियम त्या चित्रात उघड झाला. या नियमापुढे मुलाची काय कथा!

पहिला उपाय एका गणितज्ञाने काढला, ही गोष्ट आमच्यासारख्या अध्यापकांस विशेष समाधान देणारी आहे. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० साली केवळ आकडेमोडीच्या बळावर मनुष्यचित्रांसाठी एक नवे भिंग योजिले. तोवरची भिंगे कारागिराने घासावी, पाहावी, पुन्हा घासावी अशा रीतीने होत. पेट्झव्हाल यांनी किरणांच्या वाटा आधी कागदावर मोजल्या; आणि ही मोजणी एकट्याच्या हातची नसल्याने ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील, गोळ्यांच्या मार्गांचे हिशेब करण्यात तरबेज असलेले सैनिक त्यांच्या मदतीस देण्यात आले. तोफगोळ्याचा मार्ग मोजणाऱ्या हातांनी मुखचंद्र्याचा मार्ग मोजावा, असे योग इतिहासात क्वचितच येतात. फॉइग्टलेंडर यांच्या कारखान्यात ते भिंग तयार झाले. ते एफ ३.६ चे होते; म्हणजे पूर्वीच्या भिंगाहून त्यातून सुमारे सतरापट प्रकाश येत असे. त्याच सुमारास पत्र्यावरील रसायनांतही सुधारणा झाली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. मनुष्यचित्रांचा धंदा यानंतरच खऱ्या अर्थाने उभा राहिला. पुढे मोबदल्यावरून शास्त्रज्ञ आणि कारखानदार यांच्यात कायमचे वितुष्ट आले, पण तो विषय निराळा.

तथापि प्रौढ माणसाने काही सेकंद स्थिर राहणे आणि दोन वर्षांच्या मुलाने स्थिर राहणे यांत महदंतर आहे. म्हणून चित्रशाळांतून मानेमागे लोखंडी चिमटा लावण्याची वहिवाट पडली. तान्ह्या मुलांसाठी याहून चमत्कारिक युक्ती निघाली. आईने खुर्चीप्रमाणे बसावे, तिच्या अंगावरून कापड टाकावे आणि मांडीवर मूल घ्यावे. मूल आईच्या हाती स्थिर राहते आणि चित्रात मात्र आई नसते! अशी शेकडो चित्रे आज संग्रहालयांतून व खासगी संग्रहांतून आहेत. त्यांतील कापडाखालचा तो आकार पाहून प्रथम हसू येते आणि मागाहून मन खिन्न होते.

याहूनही हृदयद्रावक चित्रे त्या काळी पाश्चात्य देशांत घेतली गेली. बालमृत्यू घरोघर घडत असत. जिवंतपणी ज्या मुलाचे चित्र काढविण्याचा योग आला नाही, त्याचे निधन झाल्यावर चित्रकारास बोलावून आईबाप त्याचे एकमेव चित्र करवून घेत. ती चित्रे बहुधा अत्यंत रेखीव आली आहेत. कारण सांगण्याची आवश्यकता नाही. भिंगाच्या मंदपणाची किंमत काय होती, हे त्या रेखीवपणाइतके दुसऱ्या कशानेही कळत नाही.

पेट्झव्हालच्या भिंगात एक उणीव होती. मध्यभागी ते रेखीव, पण कडेला ढिले. शिवाय मुख मोठे असल्यामुळे स्पष्टतेचा पट्टा, म्हणजे भिंगापासून ज्या अंतराच्या मर्यादेत वस्तू रेखीव दिसतात ती मर्यादा, फार अरुंद. डोळे साधावे तर कान पुसट व्हावेत. हा दोष दैवाने दिलेला नाही, तो प्रकाशाच्या नियमातच आहे: मुख मोठे केले की पट्टा लहान होणारच. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या एका वाक्यात आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. या उणिवेचे लेणे करून दाखविले ते ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला आणि मृत्यू १८७९ साली सिंहलद्वीपात. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने व जावयाने दिलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी ही विद्या आरंभिली, आणि १८६४ च्या जानेवारीत ॲनी नावाच्या लहान मुलीचे जे चित्र साधले त्यास आपले पहिले यश म्हटले. चित्र मृदू आहे, कुठे कुठे पुसटही आहे. पण त्यात मूल आहे. तत्कालीन टीकाकारांनी त्यांच्या पुसटपणाची टर उडविली. आज त्या टीकाकारांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

यानंतरची प्रगती प्रथम रसायनाच्या बाजूने झाली. १८५१ साली आर्चरने ओल्या काचेची कृती प्रसिद्ध केली आणि १८७१ साली डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची. पुढील दहा वर्षांत ही कोरडी काच इतकी सुधारली की उन्हात क्षणार्धात चित्र निघू लागले. १९०० साली ईस्टमन यांच्या कंपनीने एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला आणि तो मुलांच्या हाती देण्यासाठी म्हणूनच विकला. पण हे सारे अंगणात, बागेत, समुद्रकिनाऱ्यावर. माजघरात, जेवणाच्या पाटावर, निजावयाच्या वेळी जे बालपण चालते, त्याला ब्राउनीच्या मंद भिंगाने हातही लावला नाही. सूर्यास्ताबरोबर कुटुंबाचे चित्रमय चरित्र बंद पडत असे.

अंधारावर दुसरा उपाय म्हणजे प्रकाशच घरात आणणे. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भडकणारी पूड सिद्ध केली. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्यांचे दर्शन जगास घडविणाऱ्या जेकब रीस यांचे पुष्कळसे काम या पुडीवर झाले. तिच्यापायी एका बिऱ्हाडास आग लागल्याची हकीकतही त्यांनी लिहून ठेविली आहे. १९२९ मध्ये जर्मनीतच काचेच्या बंद गोळ्यातील दिवा निघाला आणि धूर गेला, पण धक्का राहिला. अकस्मात पडलेल्या लखलखाटात मुलाचा जो चेहरा सापडतो तो लखलखाटाने दचकलेल्या मुलाचा असतो. खेळात रमलेल्या मुलाचा नव्हे. म्हणजे पूर्वी चित्रासाठी मूल गोठवावे लागे, आता ते दचकवावे लागू लागले.

खरा पालट १९२४ साली ड्रेस्डेन येथे झाला. एर्नेमान कारखान्यातील लुडविग बेर्टेले या तरुणाने, वयाच्या पंचविशीच्या आतच, एफ २ चे भिंग योजिले व पुढे ते एफ १.८ पर्यंत नेले. ते बसविलेला एर्मानॉक्स नावाचा लहानसा कॅमेरा दिव्याच्या उजेडात चित्र घेऊ शकत असे. कायद्याचे पदवीधर एरिक सालोमन यांनी तो उचलला आणि न्यायालये, राजकीय परिषदा, मेजवान्या यांत शिरून मोठमोठ्या पुरुषांना ते बेसावध असताना टिपले. १९३० साली हेग येथील परिषदेत मध्यरात्रीनंतर कोचावर पेंगत असलेल्या मंत्र्यांचे त्यांनी घेतलेले चित्र गाजले. त्या चित्राकडे पाहिले म्हणजे थकलेले मंत्री आणि थकलेली मुले यांत फारसा भेद नसतो असे वाटते. पुढे १९४४ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत या कलावंताचा अंत झाला. त्यांच्या कामातील एक बारकावा मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एर्मानॉक्स जलद म्हणवीत असला तरी सालोमन यांना पुष्कळदा तो तिकाटण्यावर ठेवून, बोलणारा क्षणभर थांबेल त्या घटकेची वाट पाहावी लागे. मुत्सद्दी क्षणभर थांबतो. मूल थांबत नाही.

१९२५ साली लायका बाजारात आला. ऑस्कर बार्नाक यांच्या या लहान यंत्राने चलच्चित्रांची फिल्म वापरून एकामागून एक छत्तीस चित्रे घेण्याची सोय केली. पण त्याचे पहिले भिंग एफ ३.५ चेच होते. १९३२ मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी कॉन्टॅक्स निघाला, आणि त्यासाठी बेर्टेले यांनी सोनार नावाचे एफ १.५ चे भिंग दिले. लहान यंत्र, लांब फिल्म व मोठे मुख अशी सामग्री प्रथमच एकत्र आली. सोनारची करामत समजून घेण्यासारखी आहे. हवेतून काचेत आणि काचेतून हवेत जाताना प्रत्येक पृष्ठावर शेकडा चारपाच भाग प्रकाश परत फिरतो. पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली योजिलेल्या प्लानार भिंगात अशी आठ पृष्ठे होती. त्यामुळे जवळजवळ तृतीयांश प्रकाश वाया जाई, आणि त्यातील काही आतल्या आत घोटाळून चित्रावर पांढुरका पडदा धरी. बेर्टेले यांनी काचा परस्परांस चिकटवून ही पृष्ठे सहावर आणिली. पण १९३५ साली येना येथील झाइसच्या प्रयोगशाळेत स्मॅकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म थर देऊन हे परावर्तन रोखण्याची कृती शोधली, आणि पुढे ती सर्वत्र पसरल्यावर प्लानारचा दोष आपोआप नाहीसा झाला. आज बाजारात मिळणारी पन्नास मिलिमीटरची स्वस्त व जलद भिंगे बहुतांशी त्या १८९६ च्या प्लानारच्याच वंशातील आहेत. ती स्वस्त आहेत याचे कारण ती हलकी प्रत आहे असे नव्हे. शंभरांहून अधिक वर्षे घोटलेली ती रचना आहे.

मोठ्या मुखाची ही ईर्षा कोठवर जाते हे पाहावयाचे असेल, तर १९६६ मधील झाइसच्या एफ ०.७ भिंगाकडे पाहावे. अशी दहाच भिंगे झाली. त्यांतील काही अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने घेतली आणि तीन स्टॅन्ले कुब्रिक या चित्रपट-दिग्दर्शकाने. १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटातील काही प्रसंग त्यांनी त्या भिंगातून निव्वळ मेणबत्तीच्या उजेडात टिपले. दृश्ये अपूर्व आहेत. परंतु स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद झाला होता की नटनटींना हालचाल अगदी बेताची ठेवावी लागली. केवढा हा विरोधाभास! मानेमागचा चिमटा सोडविण्यासाठी भिंगाचे मुख मोठे करीत गेलो आणि टोकाला पोहोचलो तो चिमटा पुन्हा हजर. पूर्वी मूल हलले तर ते पुसट होई, कारण वेळ फार लागे. आता हलले तर पुसट होते, कारण ते पट्ट्याबाहेर जाते. सर्वांत जलद भिंग ते मुलांसाठी सर्वांत चांगले भिंग, ही समजूत इतिहास अशी खोटी पाडतो.

आता हा धडा आपल्या घरात आणून पाहू. रात्री दिव्याच्या सामान्य उजेडात आजचा कॅमेरा ३२०० आयएसओ संवेदनशीलतेवर ठेवला, तर एफ २ ला साधारणतः एक-अडीचशांश सेकंद मिळतो. धावते मूल सेकंदास दोन मीटर गेले तरी तेवढ्या अवधीत ते आठच मिलिमीटर सरकते. चित्र पुरेसे रेखीव येते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे झूम भिंग लांब टोकाला बहुधा एफ ५.६ चे असते. त्यातून आठवा हिस्सा प्रकाश येतो, म्हणजे वेळ एक-तीसांश सेकंद होतो, आणि तेवढ्यात तेच मूल सहासात सेंटिमीटर पुढे गेलेले असते. जलद भिंगाची गरज आहे ती एवढ्यासाठी.

पण पट्ट्याचा हिशेबही मांडला पाहिजे. छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरच्या संवेदकाचा कॅमेरा घेऊन मुलापासून दीड मीटरवर बसले असता ८५ मिलिमीटरच्या एफ १.४ भिंगाचा पट्टा सुमारे अडीच सेंटिमीटर भरतो. एक डोळा त्यात, दुसरा बाहेर. ५० मिलिमीटरच्या एफ १.४ चा साडेसात सेंटिमीटर, एफ २ चा अकरा. ३५ मिलिमीटरच्या एफ २ चा मात्र बावीस सेंटिमीटर होतो. आपल्याकडे चालत येणारे मूल अडीच सेंटिमीटरचा पट्टा डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी ओलांडते. डोळे शोधून त्यांचा पाठलाग करणारी आजची यंत्रे कुशल आहेत खरी, पण अडीच सेंटिमीटरपेक्षा बावीस सेंटिमीटरांत त्यांना अधिक यश येणार हे उघड आहे.

शिवाय खोलीचा आकार आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाठ भिंतीस टेकवून बसले, तरी ८५ मिलिमीटरच्या भिंगात मुलाचा चेहरा आणि छातीच मावावी. त्याचा खेळ, त्याने मांडलेली भातुकली, शेजारची आजी, सर्व बाहेर. ३५ मिलिमीटरचे भिंग दोन मीटरांवरून सुमारे दोन मीटर रुंदीचे दृश्य घेते, म्हणजे मूल आणि त्याचे जग दोन्ही येतात. म्हणून घराच्या आतील कामासाठी ३५ मिलिमीटरचे एफ १.८ किंवा एफ २ चे भिंग ही आमच्या मते पहिली निवड. ज्यांस मुख्यत्वे चेहरे हवेत, किंवा ज्यांच्या खोल्या प्रशस्त आहेत, त्यांनी ५० मिलिमीटरचे एफ १.८ घ्यावे, बहुतेक कंपन्यांच्या मालात तेच सर्वांत स्वस्त जलद भिंग असते. लहान संवेदकाच्या, म्हणजे एपीएस-सी जातीच्या कॅमेऱ्यावर हेच आकडे दीडाने भागावे. तेथे २३ किंवा २४ मिलिमीटरचे भिंग ३५ चे काम करते आणि ३५ चे भिंग ५० चे. निवड होत नसेल तर जवळच्या झूम भिंगाची नळी आठवडाभर ३५ वर ठेवून पाहावी, मग ५० वर. कोणत्या आकड्यावर आपला हात वळतो ते स्वतःलाच कळून येते. एफ १.४ अथवा एफ १.२ ची भिंगे सुंदर असतात, पण जड आणि महागही असतात, आणि मूल धावू लागले की त्यांचे मुख थोडे मिटूनच चित्र घ्यावे लागते. जे मुख मिटावयाचे, त्यासाठी तिप्पट-चौपट दाम मोजण्यात अर्थ कोणता?

या सर्व इतिहासात एका बाजूने पेट्झव्हाल, रुडॉल्फ, बेर्टेले, स्मॅकुला यांची बुद्धी आहे आणि दुसऱ्या बाजूने कापडाखाली लपलेल्या त्या अज्ञात मातांची सहनशीलता. त्या मातांना जे मिळाले नाही ते आज साधारण कुटुंबाच्या आटोक्यात आले आहे: मूल आपल्या नादात असावे, त्याला कोणी थांब म्हणू नये, आणि तरीही ते चित्रात सापडावे. फरक इतकाच की पूर्वी संयम मुलाने पाळावयाचा असे, आता तो चित्र घेणाऱ्याने पाळावयाचा आहे. त्याने जमिनीवर बसावे, दिवा मुलाच्या बाजूस घ्यावा, आणि हाका न मारता वाट पाहावी. भिंगाची निवड करण्यात मात्र फार काळ घालवू नये. उत्तमातील उत्तम भिंगासाठी पैसे साठवीत दोन वर्षे गेली, तर भिंग तेवढेच जलद राहते. रांगणारे मूल तोवर शाळेत गेलेले असते.